धनादेश लिहिण्याआधी मोजपट्टी काढा

प्रश्न : आमचा छोटा न्यास आहे. गरीब समाजांतल्या पोषणासाठी आणि आरोग्यासाठी नवं काही शोधणाऱ्याला आम्ही दरवर्षी एक पुरस्कार देतो. चार वर्षांत चार विजेते झाले. दोघांचं काम बंद पडलं, तिसऱ्याची वस्तू कुठं मिळत नाही, आणि चौथे आम्हाला फक्त इतरांच्या पुरस्कार समारंभांत भेटतात. विश्वस्तांत कुणी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही. एकच मोठा पुरस्कार ठेवावा की लहान लहान अनेक? कल्पनेला द्यावा की तयार वस्तूला? आणि अर्जदार म्हणतो ते खरं आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी तपासायचं कसं? – एक विश्वस्त

उत्तर : नमस्कार. तुमच्या चौथ्या विजेत्यांवर चिडू नका. तुम्ही चांगला अर्ज मागितला आणि तुम्हाला चांगला अर्ज लिहिणारा माणूस मिळाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्या जाहिरातीत ‘नावीन्य’ हा शब्द चार वेळा असेल, पण ‘वर्षभरानंतर किती घरांत वापरात आहे’ हा प्रश्न एकदाही नसेल. पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नाभोवती फिरतं.

चतुराई आणि उपयोग यांची गल्लत मोठमोठ्यांचीही होते. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यातून पाणी उपसलं जायचं, असा एक पंप आफ्रिकेत आला होता. 2000 साली त्याला जागतिक बँकेच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला आणि पुढे भरपूर निधीही. पण मुलं खेळायची तेव्हाच पाणी यायचं, आणि मुलांना शाळा, झोप, कंटाळा हे सगळं असतं. शेवटी ते जड चक्र बायकाच ढकलू लागल्या. याच्या उलट उदाहरण झांबियातल्या अतिसाराच्या किटचं. शीतपेयाच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसेल असा त्याचा आकार केला होता. कल्पना इतकी देखणी की 2013 साली लंडनच्या डिझाइन म्युझियमनं उत्पादन गटात तिला गौरवलं. प्रत्यक्षात क्रेटमधून फार थोडी किट गेली, दुकानदार ती इतर मालासोबतच नेत. तरी किट चाललं. कारण आत क्षारसंजीवनीची पुडी एक लिटरऐवजी 200 मिलिलिटरची होती आणि डबीच मोजमापाचं भांडं होती. एका तान्ह्यासाठी लिटरभर पाणी कालवून उरलेलं फेकायची वेळ आईवर येत नव्हती. किट करणाऱ्यांनी हे आकड्यांत पाहिलं आणि गौरवलेला आकारच पुढे सोडून दिला. पैसे अशा माणसांना द्यावेत.

म्हणून आधी विषय नव्हे, अडचण निवडा. ‘बालपोषणातील नावीन्य’ हा विषय झाला. त्यावर ॲपपासून लाडवापर्यंत काहीही येईल आणि त्यांची तुलना कुणालाच करता येणार नाही. 1714 साली ब्रिटिश संसदेनं समुद्रावर रेखांश ओळखण्यासाठी बक्षीस लावलं तेव्हा कायद्यातच लिहिलं होतं : अर्ध्या अंशाच्या आत अचूक असेल तर 20,000 पौंड, दोन तृतीयांश अंशाला 15,000, एका अंशाला 10,000. (पैसे देताना त्यांनी हॅरिसन नावाच्या घड्याळजीला कित्येक वर्षं झुलवलं, ती गोष्ट वेगळी.) आफ्रिकेतल्या मेंदुज्वराच्या लशीचं काम 2001 साली सुरू झालं तेव्हा तिथल्या सरकारांना काय परवडेल हे आधी विचारलं गेलं. एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी, हे उत्तर आलं आणि लस त्या किमतीत बसवली गेली. पुण्यात बनलेली ती लस 2010 च्या अखेरीस बुर्किना फासोमध्ये पोहोचली. किंमत शेवटी काढली असती तर उत्तम लस झाली असती आणि गोदामात पडली असती.

तुमची अडचण एका पानावर मांडता आली पाहिजे. नमुन्यादाखल एक घेऊ. 6 ते 23 महिन्यांच्या मुलांत रक्तक्षय जास्त असेल तिथं घरच्या जेवणात सूक्ष्मपोषकांची भुकटी मिसळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पुडीत 10 ते 12.5 मिलिग्रॅम लोह, 300 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, 5 मिलिग्रॅम जस्त, आणि सहा महिन्यांत 90 पुड्या. कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात पुड्या कपाटात राहतात. यातल्या लोहावर स्निग्ध पदार्थाचं बारीक आवरण असतं, चव लागू नये म्हणून. आईनं ती पुडी वाफाळत्या अन्नात घातली की आवरण वितळतं, अन्न काळपट दिसतं, लोखंडी चव लागते आणि मूल तोंड फिरवतं. काहींना सुरुवातीला शौच पातळ होते, बहुतेकांची काळी होते, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘हे बंद कर.’ म्हणजे इथं नव्या भुकटीची गरज नसेलही. पुडीवर ‘आधी निववा, मग घाला’ दाखवणारं न वाचताही कळेल असं चित्र, किंवा पहिल्या आठवड्यात आरोग्यसेविकेची एक जादा फेरी, इतकंच नावीन्य पुरेल. तुमच्या आजच्या अर्जात असल्या गोष्टीला जागा आहे का?

आता हीच अडचण जाहिरातीत अशी लिहा : ‘6 ते 23 महिन्यांच्या मुलांच्या घरी सहा महिन्यांच्या शेवटी 90 पैकी किमान 60 पुड्या मुलाच्या पोटात गेलेल्या असाव्यात. पुडीची किंमत सोडून दर मुलामागे अमुकपेक्षा जास्त खर्च येऊ नये. शीतकपाट लागू नये. शिकवायला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागू नये. हिवतापाच्या भागात हिवताप प्रतिबंधाची आणि उपचाराची सोय असेल तरच लोह द्यावं.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. ती सोय नसताना दिलेलं लोह अपाय करू शकतं. खर्चाचा आकडा ठरवायचा तर जो पुढे हे चालवणार आहे, म्हणजे सरकारी खातं किंवा एखादी संस्था, त्याला आधी जाऊन विचारा. 60 हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला. तुमचा आकडा आजच्या स्थितीवरून ठरेल, आणि आजची स्थिती मोजायला स्पर्धेआधी दोन महिने द्यावे लागतील.

मोजणीवर जरा सविस्तर लिहितो, कारण पुरस्कार इथंच फसतात.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं 1980 ते 1990 या दहा वर्षांत 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत जाऊन आयांना अतिसारावरचं पेय शिकवलं : तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईला पैसे घरांच्या संख्येवर मिळत नसत. नंतर दुसरा माणूस निवडक घरी जाई, आईला लक्षात ठेवायचे मुद्दे विचारी, पेय करून दाखवायला सांगी आणि श्रेणी देई. श्रेणीवर शिकवणारीचं मानधन ठरे. आयांना सगळं तोंडपाठ झालं. मग वापर मोजला तर तो फारच कमी निघाला! बक्षीस आठवणीला होतं, आठवण मिळाली. शोध घेतल्यावर दोन कारणं दिसली. शिकवणाऱ्यांचाच त्या पेयावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. प्रशिक्षणात पेय आतड्यात कसं काम करतं हे आलं, पुरुषांच्या सभा झाल्या, आणि वापर वाढला. यातून दोन गोष्टी उचला : तपासणारा वेगळा हवा, आणि ज्याचं माप घ्याल तेवढंच मिळतं.

पुड्यांचंही तसंच. रिकाम्या पुड्या मोजायच्या ठरवल्या आणि त्यावर पैसे अडले, तर मोजणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी पुड्या फाडून ओतून देईल. म्हणून भेट न सांगता ठेवा, उरलेल्या पुड्याही मोजा, आणि ‘काल कशात घातली, कुणी घातली’ असा साधा प्रश्न विचारा. तिन्ही जुळले तर धरा.

वजन-उंची लागत असेल तर आणखी सावधगिरी. बुटकेपणा वर्षभरात फारसा हलत नाही. ‘एका वर्षात कुपोषण निम्म्यावर’ असा दावा उंचीच्या आकड्यावर केला असेल तर अर्ज बाजूला ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात, त्यापुढं उभं करून. झोपवून घेतलेलं माप साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त येतं, म्हणजे आधी उभं आणि नंतर आडवं मोजलं की मूल कागदावरच वाढतं. दंडाचा घेर 6 ते 59 महिन्यांच्या मुलांत घेतात, डाव्या हाताचा. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, हात सैल खाली सोडायचा आणि पट्टी टेकेल इतकीच ओढायची. 115 मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या आत मध्यम. पट्टी जरा आवळली की निरोगी मूल आजारी ठरतं, सैल धरली की आजारी मूल बरं होतं. सीमारेषेवरच्या मुलाचं भवितव्य दोन मिलिमीटरवर असतं, म्हणून प्रत्येक माप दोनदा घ्यायला सांगा.

डॉक्टर नसलेल्या विश्वस्तालाही करता येईल अशी एक तपासणी आहे. अर्जदाराकडून वजनांची मूळ वही मागा, सारांश नको. किलोग्रॅमच्या दशांशाचा शेवटचा अंक पाहा : 8.3, 9.7, 7.1. खरोखर काट्यावर वाचलेली दोनशे वजनं असतील तर 0 ते 9 हे अंक जवळपास सारखे, दर अंक दहा टक्क्यांच्या आसपास, दिसतात. 0 आणि 5 मिळून वीस टक्के यायला हवेत. ते चाळीस टक्के भरत असतील तर वजनं अंदाजानं लिहिली आहेत. कुणी लबाडी केली असंच नाही, काटा बिघडलेला असेल किंवा मूल रडत असेल. पण त्या आकड्यांवर पैसे देऊ नका. रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासला का, हेही विचारा.

दुसरा सापळा हुशार माणसांनाही चकवतो. सगळ्यात रोड मुलं निवडली आणि चार महिन्यांनी पुन्हा मोजली, तर काहीही न करता त्यांतली बरीच सुधारलेली दिसतात. त्यांतली काही त्या दिवशी तापातून उठलेली होती, काहींचं माप चुकून कमी लागलं होतं. त्यात पहिलं माप सुगीच्या आधीच्या टंचाईत आणि दुसरं धान्य घरात आल्यावर घेतलं, तर पुरस्कार पिकालाच द्यावा लागेल. उपाय एकच : तशीच दुसरी वस्ती, जिथं अजून काही केलेलं नाही, तीही त्याच दिवसांत मोजायची. किती घरं? तुलनेच्या वस्तीत 30 टक्के घरं नीट वापर करत असतील आणि अर्जदाराच्या वस्तीत 45 टक्के, तर हा फरक योगायोग नाही असं म्हणायला प्रत्येक बाजूला साधारण 160 घरं लागतात. वस्त्या निवडून त्यांतली घरं घेतली तर शेजारी शेजाऱ्यासारखं वागतो, म्हणून संख्या दुप्पट धरा, आणि एका वस्तीवर न थांबता दोन्ही बाजूंना जितक्या जास्त वस्त्या जमतील तितक्या घ्या. वीस घरांचे फोटो हा पुरावा नव्हे. ही मोजणी एखाद्या महाविद्यालयाच्या सामाजिक आरोग्य विभागाकडून करवून घ्या. पैसे न्यासानं द्यायचे, अर्जदारानं नव्हे. मुलांवर काही देऊन पाहायचं असेल तर आधी नीतिसमितीची परवानगी, आणि अपाय दिसला तर काम थांबवायची अट लेखी.

पैशांबद्दल. एक मोठा की लहान अनेक, या प्रश्नाचं आमचं उत्तर : दोन्ही, पण एकामागून एक. नुसता मोठा पुरस्कार ठेवला की आधीच पदरचा पैसा असलेलाच उतरतो. वस्तीत काम करणाऱ्या बचतगटाला किंवा आरोग्यसेविकेला दोन वर्षं स्वखर्चानं प्रयोग करणं जमत नाही, आणि खरी युक्ती बहुधा तिच्याचकडं असते. एकूण रकमेचे शंभर भाग केले तर 15 भाग सहा-आठ जणांना प्राथमिक प्रयोगासाठी द्या. 25 भाग तपासणीला. हा आकडा विश्वस्त मंडळाला खुपेल आणि तोच कापावासा वाटेल, त्याला हात लावू देऊ नका. 50 भाग मुख्य पुरस्कार. 7 भाग शेवटपर्यंत टिकून हरलेल्यांची खर्चभरपाई, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. समारंभाला 3 भाग खूप झाले.

मुख्य पुरस्कारही एकदम देऊ नका. तपासणीत ठरलेलं माप गाठलं की 30 टक्के. बारा महिन्यांनी, न सांगता केलेल्या मोजणीत वापर टिकून असेल तर 40 टक्के. उरलेले 30 टक्के तेव्हाच, जेव्हा शोधकाशिवाय दुसरी एखादी संस्था तेच काम स्वतःच्या माणसांवर चालवून दाखवेल. हा शेवटचा हप्ता फार कमी जण मिळवतात. तुमचे बंद पडलेले दोन विजेते तर बहुधा दुसऱ्याच हप्त्याला अडले असते, आणि त्यांच्या पुरस्काराचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते. कुणीच माप गाठलं नाही तर त्या वर्षी पुरस्कार नाही, हे जाहिरातीत छापा आणि पाळा.

वस्तू तयार आहे पण बाजार नाही म्हणून अडली असेल, तुमच्या तिसऱ्या विजेत्यांसारखी, तर पुरस्कारापेक्षा खरेदीची हमी उपयोगी. न्युमोनियासारख्या आजारांवरच्या न्युमोकोकल लशीसाठी 2009 साली काही देशांनी आणि गेट्स प्रतिष्ठाननं 150 कोटी डॉलर बाजूला ठेवले. करार असा की सुरुवातीच्या मालाला जादा दर मिळेल, आणि बदल्यात उत्पादक पुढं वर्षानुवर्षं डोस 3.50 डॉलरच्या वर विकणार नाही. यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती : लस आधीच शोधलेली होती, पैशानं शोध नव्हे तर कारखाने वाढले. पण तुम्हाला कारखानाच वाढवायचा असेल तर हाच मार्ग. लहान न्यासही ‘या दर्जाचे, या भावाचे पहिले पाच हजार नग आम्ही घेऊ’ असा करार करू शकतो. दर्जा कोण तपासणार हे मात्र त्यातच लिहा.

हक्कांचा प्रश्न पत्रात नाही, पण तो येणारच. निकोलस आपेर यांना बंद बाटलीत अन्न टिकवण्याबद्दल फ्रेंच सरकारनं 1810 साली 12,000 फ्रँक दिले ते पद्धत छापून जाहीर करण्याच्या अटीवर. तीच अट तुम्ही ठेवा, निदान पाककृती, आराखडे आणि शिकवायच्या साहित्यापुरती. तीव्र कुपोषणावरची शेंगदाण्याची पेस्ट 1996 च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाली. तिच्यात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळं जंतू वाढत नाहीत आणि मूल घरी राहून बरं होऊ शकतं. उपचार दवाखान्यातून घरात आणणारा हा शोध, पण पेटंटवरून वर्षानुवर्षं वाद झाले. शेवटी 2010 मध्ये पेटंटधारकांनी विकसनशील देशांतल्या उत्पादकांसाठी वापराचा करार खुला केला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करारात घालू शकता : पेटंट शोधकाचंच राहील, गरीब भागातल्या सार्वजनिक वापरासाठी परवाना विनामूल्य.

परीक्षक पाच पुरेत. त्यांत एक जण वस्तू वापरणारी आई असावी आणि एक जण गोदाम किंवा वाटप सांभाळलेला. खाद्य किंवा औषध कंपनीचा माणूस परीक्षकांत नको, देणगीदार असला तरी. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी आईच्या दुधाऐवजी काही सुचवणारा अर्ज आला तर 1981 ची आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातीबाबतची आंतरराष्ट्रीय संहिता समोर ठेवूनच वाचा. अर्ज दोन पानांचा, कुठल्याही भाषेत, आणि लिहिता येत नसेल तर आवाज ध्वनिमुद्रित करून चालेल असा ठेवा. स्लाइड्स मागू नका.

नवी जाहिरात काढण्याआधी एक काम करा. बंद पडलेल्या त्या दोघांकडं जा, हिशेब मागायला नाही, नेमकं कुठल्या आठवड्यात काय थांबलं हे विचारायला. पैसे संपले, माणूस सोडून गेला, वस्तू तुटली आणि सुटा भाग मिळाला नाही, की मुळात कुणाला ती नकोच होती? जे उत्तर येईल ते तुमच्या एका पानाच्या अटींमध्ये पहिली ओळ म्हणून घाला. आणि तिसऱ्या विजेत्यांची वस्तू अजून एखाद्या घरात चालू असेल तर ते घर शोधून काढा, तिथल्या बाईला परीक्षक मंडळात बोलवा.